चारूची दोन शिंगं : एका चित्रगोष्टीच्या प्रकल्प नोंदी

१५ जानेवारी २०२५, वडोदरा

आज वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्चीवर सगळे पतंगात गुंतलेले, आणि भाचा पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक जुनं चित्रपुस्तक घेऊन बसला होता. पानं भराभर उलटत होता. शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं की तो फक्त चित्रं बघतोय, संवादांच्या फुग्यांवरून नजर नुसती घसरतेय. दुसरीत आहे, गुजराती माध्यमात. घरी मराठी छान बोलतो, आजीशी भांडतोसुद्धा मराठीत. पण तेच बोलणं देवनागरीत छापलेलं दिसलं की अडतो.

त्याला म्हटलं, बोट ठेवून वाच बरं. म, न, ग, त, प, र सहज येतात, कारण गुजराती अक्षरं जवळजवळ तशीच. अ, ख, च, ज, फ, ब आले की बोट थांबतं. शिवाय डोक्यावरची रेघ. म्हणाला, "मावशी, ही लाइन कशाला असते?" आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांत हेच चालू आहे. पुढच्या पिढीला मराठी कानाने येते, डोळ्यांनी येत नाही.

रात्री उंधियू गरम करता करता आत्याशी बोलले. ती प्राथमिक शाळेत ३० वर्षं गुजराती शिकवून निवृत्त झाली. दोघींनी ठरवलं: एक चित्रगोष्ट करायची, जंगलातल्या मित्रांची. चित्रं माझी. तीच चित्रं, तीच गोष्ट मराठीत आणि गुजरातीत. मुलाने एक वाचून दुसरं उघडलं तर चित्र ओळखीचं आणि वाक्य कानातलं, फक्त अक्षर नवं. खर्च अर्धा अर्धा.

२९ जानेवारी

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दिवसभर. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचे. आज खाली उभी राहून वरच्या माणसाच्या चपलांची सावली बघितली आणि वहीत टिपून ठेवलं: पानांच्या दाटीतून येणारा उजेड असाच दाखवायचा, वरून, तुकड्या तुकड्यांनी.

सयाजी बालज्ञानमालेतली छोटी पुस्तकं चाळली. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते आधी १८९३ मध्ये अमरेली भागात, मग १९०६ मध्ये राज्यभर. १९१० मध्ये हे ग्रंथालय. शाळेत आलेल्या मुलाला शाळेबाहेर वाचायला काय द्यायचं, हा विचारही सोबत झाला होता. मला त्या पुस्तकांची एक बाब फार आवडली. मूल लहान आहे म्हणून माहिती पातळ करून दिलेली नाही.

आमच्या पुस्तकासाठी तिथेच तीन नियम लिहिले. प्राण्यांना कपडे, चष्मे, पिशव्या नाहीत. प्राणी जंगलात जे करतो त्यातूनच गोष्ट निघाली पाहिजे. आणि खलनायक नको.

जंगल आपलंच घ्यायचं: जांबुघोडा. इथून ७० किलोमीटरच्या आसपास, १९९० पासून अभयारण्य. साग, बांबू, महुडा, टिमरू (तेंदू). महुड्याला आपण मराठीत मोह म्हणतो, पण वडोद्यात आम्ही महुडाच म्हणत आलो. पुस्तकात 'महुडा' ठेवणार.

९ फेब्रुवारी

पात्रं काढली. अस्वलाची माय आणि तिच्या पाठीवरची दोन पिल्लं. साळिंदर, नाव साळू. एक वानर, हूप्या. आणि मुख्य पात्र चौशिंगा, म्हणजे चार शिंगांचा हरणासारखा प्राणी, नाव चारू. हे नाव आत्याने मुद्दाम निवडलं. 'च'वर मुलं अडतात ना, मग ते अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भेटत राहू दे.

चारूचे १४ चेहरे काढून झाले. गोड मुलगी, मोठ्या पापण्या, चार टोकदार शिंगं. संध्याकाळी संदर्भ ताडून बघत होते तेव्हा लक्षात आलं की चौशिंग्याच्या मादीला शिंगंच नसतात. सगळे १४ चेहरे बाद.

पण पुढे वाचत गेले आणि गोष्टच हाती लागली. नरालाही चारही शिंगं एकदम येत नाहीत. मागची जोडी, कानांच्या मधली, आधी येते. कपाळावरची पुढची जोडी बऱ्याच महिन्यांनी, वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर, आणि ती नेहमी आखूडच राहते. म्हणजे मधले कितीतरी महिने तो चौशिंगा असतो आणि शिंगं मात्र दोन!

भाच्याचे वरचे पुढचे दोन दात गेल्या महिन्यात पडलेत. हसताना ओठ मिटून हसतो. चारू म्हणजे हाच. मुलगा झाला चारू.

११ फेब्रुवारी

आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आता तुला गोष्ट शोधायला नको. फक्त बिघडवू नकोस."

२ मार्च

३२ पानांचा आराखडा. १६-१६ पानांचे दोन फर्मे (घडी घालायचे छापील मोठे कागद), वर वेगळं कव्हर, मध्ये पिन. मधली १६-१७ ही दोन पानं एकाच कागदावर सलग येतात, बाकी कुठल्याही जोडीत चित्र मधोमध तुटून थोडं सरकण्याची भीती. म्हणून महुड्याचं मोठं झाड तिथेच.

आता गोष्ट. चारूला आपली उरलेली दोन शिंगं हवी आहेत. हूप्या उंचावरून बघून सांगतो, "अजून नाही." रोज. साळू अंग झटकते तेव्हा तिचे दोन काटे आपोआप गळून पडतात. (साळिंदर काटे फेकून मारतं असं मुलांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. ते फेकत नाही, गळतात. हे चित्रात सहज येऊन जाईल, सांगायला नको.) चारू नदीकाठच्या चिखलात कपाळ टेकवतो, मग तेच कपाळ काट्यांवर. दोन काटे चिकटले! चार झाली! मग पाणी प्यायला वाकतो. चिखल विरघळतो, काटे वाहून जातात, पाण्यात त्याचा चेहरा पुन्हा दोन शिंगांचा. इथे एक अख्खं पान, एकही शब्द नाही.

आणि मग माय.

आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, ओठ पुढे काढून, आणि त्याचा आवाज जंगलात लांबवर जातो. हे मला फार वर्षांपूर्वीपासून माहीत होतं, पण भाच्याच्या तोंडाकडे बघेपर्यंत त्याचा उपयोग सुचला नव्हता. माय चारूसमोर तोंड उघडते. मोठं, काळं, दात दिसणारं तोंड, आणि मध्ये फट. मायेचा सगळ्यात मोठा क्षण आणि चित्र अस्वलाच्या जबड्याचं! हे मला जमलंच पाहिजे.

तिच्या तोंडचं वाक्य मी लिहिलं होतं: "जे आपल्याकडे नाही त्याचं दुःख करू नये." आत्याने लाल पेनाने खोडलं. "हे मुख्याध्यापक बोलतायत, अस्वल नाही." तिने लिहिलं: "मला वरचे दोन दात नाहीत. म्हणून तर वाळवी ओढता येते." आणि लगेच खाली एक चौकट, माय वारुळावर, मोठ्या अक्षरांत 'सुर्रर्रर्र'. एवढंच. चारूच्या शिंगांबद्दल ती काही बोलतच नाही.

पूर्वी मला वाटायचं की मवाळ गोष्ट म्हणजे काही फार घडू द्यायचं नाही. हे उलट आहे. कुणी कुणाला हरवत नसेल तर प्रत्येक चौकटीत करण्यासारखं काहीतरी लागतं. वाट बघणं, झटकणं, चिकटवणं, दाखवणं. साळूला चारूची माया आहे हे मी सांगितलं तर ते वाया गेलं. ती काटे गळल्यावर निघून न जाता थांबते आणि बघते, हे काढलं की झालं.

बिबट्याचं काय? जांबुघोड्यात बिबटे आहेत. वगळले तर खोटं. पान १३ वर हूप्या ओरडतो, सगळे गोठतात. पुढच्या चौकटीत फक्त हलणारं गवत. त्याच्या पुढच्या चौकटीत ओल्या मातीत पंजाचा ठसा. बिबट्या आला, गेला. त्याचंही जंगल आहे.

१६ मार्च, जांबुघोडा

पहाटे ४ वाजता निघालो. धुळवड होऊन दोनच दिवस झालेत, रस्त्याकडेचे केसुडे, म्हणजे पळस, पेटलेले. झंड हनुमानाच्या बाजूच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होतं.

महुड्याखाली पहिल्यांदाच इतक्या शांतपणे बसले. झाडावर पान जवळजवळ नाही. फुलं रात्री आणि पहाटे गळतात, एकेक, आणि पडताना आवाज येतो. टप नाही, त्याहून ओला. 'टुप'. फूल हातात घेतलं: द्राक्षाएवढं, मळकट पिवळसर, मांसल, आतून पोकळ. दाबलं तर बोटं चिकट. वास गोड, जरासा आंबूस, आणि तो हाताला संध्याकाळपर्यंत राहिला. मी आजवर ही फुलं पांढऱ्या चांदण्यांसारखी काढत होते. ती मण्यांसारखी आहेत.

झाडाखालचा पालापाचोळा साफ केलेला होता. थोड्या वेळाने टोपल्या घेऊन बायका आल्या, राठवा आदिवासी वस्तीतल्या. एक आजी माझ्या वहीत डोकावली. अस्वलाचं चित्र होतं, पाठीवर पिल्लं. मी विचारलं, "बा, रींछ आवे छे अहीं?" (अस्वल येतं का इथे?) ती हसली नाही. म्हणाली, उजेड झाल्यावरच येतो आम्ही, अंधारात महुडां त्याचीच असतात. तिच्या गावातल्या एकाचा खांदा अस्वलाने फाडला होता. वाळलेली फुलं विकून घर चालतं, म्हणून येणं तर भागच आहे. मग चित्रातल्या पिल्लांवर बोट ठेवून म्हणाली, हे बरोबर काढलंस. पाठीवरच असतात. पिल्लं असली की माय जास्त वाईट.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होते. माझ्या वहीतली माय आणि आजीची माय एकच आहे. वडोद्यातल्या मुलाला अस्वल मऊ खेळणं वाटतं. या गावातल्या मुलाला तसं वाटलं तर जिवावर बेतेल. आपण मवाळ गोष्ट करतोय म्हणून हे लपवायचं का?

१७ मार्च

रात्रभर हेच. सकाळी आत्याकडे जाऊन दोन गोष्टी ठरवल्या.

एक, माय माणसांशी कधीच गोड वागताना दिसणार नाही. प्राण्यांची मैत्री प्राण्यांत. खरं तर अस्वल आणि चौशिंगा जंगलातही असे गप्पा मारत नाहीत, पण ते मुलाला कळतं. बोलणारं अस्वल गोष्टीतलं आहे हे दुसरीतलं मूल ओळखतं. माणसाच्या मुलाने अस्वलाला मिठी मारलेली दाखवली तर मात्र ते खरं वाटू शकतं.

दोन, शेवटचं पान बदललं. दुरून महुडा, सूर्य उगवतोय. एका बाजूने माय पिल्लं घेऊन झाडीत शिरतेय, दुसऱ्या बाजूने बायका टोपल्या घेऊन येतायत. मध्ये झाड आणि बरंचसं अंतर. फुगे नाहीत.

शिवाय मायेची नखं. आतापर्यंत मी ती केसांत झाकून आखूड करत होते. आता पूर्ण लांबीची, वाकडी, फिकट, जशी आहेत तशी. त्याच नखांनी ती वारूळ उकरते आणि त्याच नखांच्या पायांवर पिल्लं चढून पाठीवर जातात. चित्र जास्त मवाळ झालं, कमी नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंडानंतर वाड्यातली सहा मुलं ओटीवर जमवली. पेन्सिलची पानं झेरॉक्स करून दिली.

पान ९ वर गडबड. डावीकडे दोन चौकटी एकाखाली एक, उजवीकडे एक उभी लांब चौकट. सहापैकी चार मुलांचं बोट डावीकडच्या वरच्या चौकटीतून थेट उजवीकडे गेलं, आणि मग खाली डावीकडे परत. म्हणजे आधी काटे चिकटले आणि नंतर गळले! एक मुलगी म्हणाली, "साळूताईने परत काढून घेतले?" तिचं काही चुकलं नाही, पान चुकलं. उभी चौकट डावीकडे घेतली, दोन लहान उजवीकडे. पुन्हा दाखवल्यावर सगळ्यांचं बोट बरोबर.

पान १३. भाच्याने विचारलं, "बिबट्या कुठे गेला?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" म्हणाला, "घरी." पुढे वाचायला लागला.

मायेच्या तोंडाचं पान आलं तेव्हा मी मुलांकडे बघत होते, पानाकडे नाही. दोघं मागे सरकले. मग एकीने फट पाहिली. मग भाच्याने ओठ उघडून स्वतःची फट दाखवली आणि 'सुर्रर्र' केलं, आणि पाच मिनिटं ओटीवर सगळे वाळवी ओढत होते.

१९ एप्रिल

अक्षरांचं काम, आठवडाभर हेच. अक्षर (फॉन्ट) 'बालू' घेतलंय. 'एक टाइप' या संस्थेने केलेलं, गोलसर, आणि त्याचंच गुजराती भावंड 'बालू भाई' नावाने मिळतं. दोन आवृत्त्यांचा आवाज एकसारखा वाटेल.

तरी फुगे जुळेनात. देवनागरीत ओळीच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळे ओळींत जागा जास्त लागते. गुजरातीला शिरोरेखा नाही. तोच मजकूर त्याच फुग्यात टाकला की वरून मोकळा दिसतो, जणू वाक्य खाली घसरलंय. प्रत्येक गुजराती ओळ केसभर वर उचलावी लागली. मराठीत 'चौशिंग्याला' एवढा शब्द अरुंद फुग्यात मावत नाही, आणि मुलांसाठी शब्द तोडणं मला मान्य नाही. वाक्य बदललं: "चारूला."

प्रेसवाल्या भाईंनी मोलाची गोष्ट सांगितली. छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते. मजकूर निव्वळ काळ्यात ठेवला, म्हणजे फक्त काळ्या प्लेटवर, तर मराठीच्या ५०० प्रती काढून नुसती काळी प्लेट बदलायची आणि गुजरातीच्या ५०० काढायच्या. निळी, गुलाबी, पिवळी प्लेट तीच. पण मग 'सुर्रर्रर्र', 'खळखळ', 'टुप' हे सगळे रंगीत आवाज काळे करावे लागले. 'टुप' पिवळसर होता तेव्हा फार सुंदर होता. गडद रंगावर पांढरी अक्षरंही चालणार नाहीत, कारण ती चारही प्लेटांतून कोरलेली असतात. कव्हरवरचं नाव मात्र पांढरंच हवं, म्हणून कव्हरच्या प्लेटा दोन्ही भाषांना वेगळ्या.

१० मे

पहिलं प्रूफ आलं आणि पोटात गोळा आला. साळू रात्री फिरणारी, चारू दिवसा, म्हणून सगळ्या भेटी तिन्हीसांजेच्या ठेवल्या होत्या. पडद्यावर तो निळा-जांभळा इतका छान उजळत होता. मॅपलिथो कागदाने शाई पिऊन टाकली. पान २० वर माय म्हणजे काळोखात काळा डोंगर, पाठीवरची पिल्लं दिसतच नाहीत. आर्ट पेपर परवडत नाही, आणि त्याची चमक मला मुलांच्या पुस्तकात आवडतही नाही.

१८ मे

सगळ्या ३२ पानांचे रंग पुन्हा केले. आकाशातला काळा पूर्ण काढला, निळा निम्म्यावर आणला, क्षितिजाला महुड्याच्या फुलाचा तो मळकट पिवळा ठेवला. मायेच्या केसांच्या कडांना फिकट रेघ, म्हणजे पिल्लांची डोकी वेगळी दिसतात. अस्वलाचं फिकट तोंड आणि छातीवरचा पांढरट पट्टा आता अंधारात आधी दिसतो. जंगलातही तसंच दिसत असणार.

२३ मे

दुसरं प्रूफ चांगलं. पान २० वर पिल्लं मोजता येतात.

२१ जून

छपाई. बाहेर पाऊस, प्रेसमध्ये शाईचा आणि ओल्या कागदाचा वास. मराठीचा दुसरा फर्मा संपला आणि भाईंनी काळी प्लेट उतरवली, नवी चढवली. पहिले काही कागद बिघडलेले येतात, रंग जुळेपर्यंत. मग एक नीट आला. तीच माय, तेच उघडं तोंड, आणि फुग्यात: "मारे उपरना बे दांत नथी. एटले ज तो उधई खेंचाय छे."

आत्याने चष्मा चढवून कागद हातात घेतला. मराठीचा कागद बाजूला धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मशीनवरच्या मुलानेही मान वाकवून वाचलं आणि आपल्या जिभेने दातांमागे चाचपून बघितलं.

पान २७ वर गुजराती फुग्याची शेपटी साळूऐवजी हूप्याकडे वळलीय. प्लेटवर आता काही करता येत नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी नोंद करून ठेवते.

कागद वाळायला दोन दिवस, या हवेत तीन. मग घडी, पिन, कटिंग. पहिल्या गठ्ठ्यातल्या दहा गुजराती प्रती बाजूला काढायला सांगितल्यात, जांबुघोड्याच्या त्या वस्तीत नेण्यासाठी. पाऊस ओसरला की जाऊ.